साडेपाच तास मागे

कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसातला कॉम्प्युटर
रोज सकाळी मला आधी विचारायचा, कोण हवंय?
काळ्या पडद्यावर दोन नावं, एकाखाली एक.
वरचं दस्तगीरचं. खालचं बिलांचं.
दहा सेकंद. नाहीतर तो आपणहून वरच्याकडं जायचा,
म्हणून पर्स खांद्यावर ठेवूनच
खालचा बाण दाबायचे, मग एंटर,
मग खुर्ची.

दस्तगीर नदाफ विजापूरला गेला
त्याला बेदाण्याचे दोन हंगाम झाले.
रात्रपाळीला तो त्याचं त्याचं उघडायचा.
फुकटचं आहे ताई, म्हणायचा, पण कुणाच्या बापाचं नाही.
आणि सकाळी मी माझं उघडलं
की घड्याळ साडेपाच तास मागे.
दहाला आलेल्या मणेराजुरीच्या गाडीची पावती
पहाटे साडेचारची.
ड्रायव्हर हसायचे, बाई, झोपता कधी?
तो गेल्यापासून वेळ बरोबर पडते.

मार्चात ऐन सौद्यांत पाटी आली: जागा शिल्लक नाही.
चौगुले अण्णा म्हणाले, ते दुसरं काढा की,
भाडं न देणारं कूळ कशाला ठेवायचं?

जेवणाच्या सुट्टीत काढलं.
डिस्कचा नकाशा उघडला, मोजणीच्या कागदासारखा.
एका तुकड्याला नाव नाही, अक्षर नाही,
नुसतं हेल्दी, आणि साठ जीबी.
आत काय आहे ते माझ्या बाजूनं दिसत नव्हतं.
सगळं जाईल, चालेल? त्यानं विचारलं.
उजवा हात भाकरीचा होता.
डाव्या हातानं येस केलं.
निळी पट्टी काळी झाली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी तो उठलाच नाही.
दोन नावं नाहीत, एकही नाही,
कोपऱ्यात रेस्क्यू, आणि पुढं लुकलुकणारी रेघ.
बाहेर सावळजची गाडी उन्हात,
आत बेदाणा चार अंशांवर,
आणि मला तेव्हा कळलं,
कूळ काढलं, पण
फाटकाची किल्ली त्याच्याकडंच होती.

फोन लावला. तिकडं वजनकाट्याचा गलका.
चिडला नाही. खालच्या खणात सीडी आहे बघा, म्हणाला.
होती. वर स्केचपेननं: ताई, टाकू नका.
मग एकेक अक्षर सांगत गेला.
बूट. त्याला जोडून रेक. आता जागा सोडा.
तिरकी रेघ, उजवीकडं झुकलेली.
फिक्स. एम म्हणजे मणेराजुरी. बी म्हणजे बेदाणा.
आर म्हणजे,
थांबला जरा,
आर म्हणजे आरफळ, आपला कालवा.

मशीन उठलं.
मी विचारलं, आत काही होतं का रे तुझं?
गाडी आली ताई, म्हणाला, आणि ठेवला.

आता बटण दाबलं की सरळ बिलं.
दहाला दहाच वाजतात.
बोट तरी खालच्या बाणावर जातं.
बाण दबतो,
काही होत नाही.
पर्स खांद्यावरच असते.