उजवी दांडी

तातेराव खटिंगांचा ट्रॅक्टर आला तेव्हा
मी लेथवर होतो,
मानवतला, पाथरी रोडच्या पत्र्याखाली,
जिथं मे महिन्यात पानाही फडक्यात धरून उचलावा लागतो.

ते उतरले. म्हणजे आधी डावा पाय,
मग हात मडगार्डवर, मग बराच वेळ काहीच नाही,
मग उजवा.
उजव्या चपलेला दोन इंच जादा तळ,
ट्रकच्या टायरचा, चार खिळ्यांवर धरलेला.

"मागचं पातं तिरपं करायचं म्हणलं की उतरा,
दांडीचा हँडल फिरवा, चढा, बघा,
नाही जमलं, पुन्हा उतरा.
एका बांधाला चाळीसदा उतरतो मी, मिस्त्री.
बसल्या जागी तिरपं व्हावं, एवढं करून द्या."

मी टेप लावला.
डावी दांडी बावीस इंच, पिनेपासून पिनेपर्यंत.
तिला हात लावायचा नाही.
उजवी काढायची, तिच्या जागी सिलिंडर:
मिटला की एकोणीस, उघडला की पंचवीस,
मधोमध बावीस.
शोएबनं मनातल्या मनात वजाबाकी करून पाहिली
आणि खूश झाला.

सिलिंडर जालन्याच्या भंगारातला, किलोवर घेतलेला.
रॉडवर एक ओरखडा, पण नख अडकत नव्हतं.
सील नवं. दोन्ही डोळ्यांचे बुश मी वळले,
पिना घट्टही नकोत, खुळखुळ्याही नकोत,
असं म्हणतो आपण, आणि मग रात्री साडेनऊपर्यंत
केसाएवढं काढत बसतो.
दोन होज, एक व्हॉल्व,
लिव्हर त्यांच्या उजव्या हाताशी.

तिसऱ्या दिवशी त्यांनी लिव्हर ढकलला.
पात्याचा उजवा कोपरा खाली गेला, गायीनं कान पाडावा तसा.
ओढला. वर.
तातेराव हसले नाहीत.
खाली, वर, खाली, वर,
मी सतरापर्यंत मोजलं, मग चहा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन.
"मिस्त्री, रात्री उचलून सरळ ठेवलं होतं.
आता उजवीकडं झोपलंय."

मला माहीत होतं.
व्हॉल्वमधून तेल थेंबथेंब मागं सरकत होतं,
माणूस झोपतो, वजन झोपत नाही.
लॉक व्हॉल्व लावायला हवा होता.
अठराशे रुपये वाचवले होते मी,
त्यांचे, त्यांना न विचारता.

तसं सांगितलंही.
ते ट्रॅक्टरवरूनच म्हणाले,
"पैसे माझे व्हते तर विचारायचं व्हतं.
पायाच्या टायमालाबी असंच झालं.
डॉक्टर माझ्या बापाच्या धोतराकडं बघून
आपरेशनचं बोललाच नाही.
बापानं बैल इकला असता."

यावर काय बोलणार.
मी ग्राइंडर सुरू केला, नंतर बंद केला,
कारण घासायला काहीच नव्हतं.

लॉक व्हॉल्व बसवला. रात्रभर पातं हवेत ठेवलं,
खाली खडूची खूण, वर दोरीला नट.
सकाळी नट तिथंच.

मग त्यांच्या शिवारात गेलो, मजुरी आधीच मिळाली होती,
तरी गेलो.
बॉनेटवर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी बांधलेली,
आतला बुडबुडा बघत ते चालवत होते.
पूर्वेच्या कोपऱ्यात दरवर्षी पाणी तुंबून सोयाबीन पिवळं पडतं,
तिथं त्यांनी लिव्हर दोन बोटं ढकलला,
काळी माती एका अंगानं उलगडत गेली,
बांध हळूहळू चढत गेला.
पाच फेऱ्या. एकदाही उतरले नाहीत.

सहाव्या फेरीत ट्रॅक्टर थांबला.
होज फुटला असेल म्हणून मी धावलो.
डावा पाय, हात मडगार्डवर, मग उजवा.
"काय झालं?"
"काही नाही. बघायला उतरलो."

चपला काढून ते बांधाच्या कडेला उभे राहिले,
उजवा पाय वर, डावा खाली,
आणि खिशातून तंबाखू काढून
निवांत मळत बसले, उभ्यानंच.
दोन्ही खांदे एका रेषेत होते.
शोएब मला काही दाखवायला गेला.
मी त्याचा हात खाली केला.