किमान जाडी

मुंशी कास्देकरची जीप घाट उतरून आली
की परतवाड्याच्या नाक्यावर आधी वास येतो,
मग जीप.

"काही नाही बावा, पायडल जरासं थरथरते,
माशी बसलेल्या बैलाच्या कातड्यावानी."

चाक काढतो. कॅलिपर तारेनं वर टांगतो,
त्याचं ओझं नळीवर येऊ द्यायचं नसतं.
हे रज्जाकभाईंनी शिकवलं,
कानाखाली एक वाजवून.

डिस्कवरून नख फिरवतो.
नख अडतं. पुन्हा अडतं.
कडेला उभी धार,
मधे निळे डाग,
जिथं घटांगच्या वळणांवर
तो पाय दाबून बसला होता
सतरा माणसं, दोन कोंबड्या
आणि मोहाची पोती घेऊन.

व्हर्नियर म्हणतो, अठरा पॉइंट चार.
कारखान्यानं काठावर ठोकलेला आकडा
थुंकी लावून, गंज पुसून वाचतो.
वीस.

"अचलपूरच्या खरादीवर घासून आन ना.
मांगच्या साली तसंच केलं होतं."
"म्हनूनच तर इतकी उरली."

तो बोटांच्या पेरांवर मोजत बसतो
सेमाडोहचा बाजार, हरिसालचा बाजार,
टपावरची माणसं, न दिलेली भाडी.
मी गप्प.
सगळ्या गोष्टीत घासाघीस चालते,
हिच्यात नाही.

शेवटी म्हणतो, "बाजार झाला का देतो पैसे. लाव."

हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं खरवडतो,
एक खपली राहिली तरी नवी डिस्क डुलते.
तिच्यावरचा तेलाचा पातळ हात
पेट्रोलच्या फडक्यानं पुसतो.
"तुळश्या, पॅडले त्या बोटायनं नको लावू!"
पोरगा स्वतःच्या हातांकडे बघतो,
दुसऱ्याचे असल्यासारखे.

"पह्यले दोनशे किलोमीटर एकदम दाबू नको.
दोघायची ओळख होऊ दे."

मुंशी जुन्या डिस्का उचलतो.
"ढाण्यातल्या शाळेत घंटा नाही. टांगतो एखादी."
मडकं घेताना वाजवतात
तसा पान्यानं ठोका देतो.
पहिली खणखणीत.
दुसरी
बद्द.

उन्हात धरली तेव्हा दिसली,
बोल्टाच्या छिद्रातून निघालेली
केसाएवढी चीर. मलाही दिसली नव्हती.

त्यानं पुन्हा वाजवली. बद्द.
मग बाजाराचं काही बोलला नाही,
बंडीच्या आतल्या खिशात हात घातला.

खणखणीत घेऊन तो वर गेला.
बद्द माझ्याकडे आहे, तिच्यावर चहाचे ग्लास ठेवतो.
कोणी खरादीचं नाव काढलं
की ग्लास बाजूला करतो
आणि पाना त्याच्या हातात देतो.