चष्म्यांचा ट्रे

ऑपरेशनला नेण्याआधी माणसाचं सगळं उतरवून घेतात,
कवळी, अंगठी, जानवं, ताईत,
आणि अगदी शेवटी चष्मा.
तो माझ्याकडे येतो.
चिकटपट्टीवर नाव लिहून काडीला लावायचं,
स्टीलच्या ट्रेमध्ये उताणा ठेवायचा.
पालथा नाही. काच खाली गेली की चरा पडलाच.

परळच्या या इस्पितळात बावीस वर्षं झाली.
चष्मे धुवायला मला कुणी सांगितलेलं नाही,
ड्युटीच्या कागदावर ते काम नाही.
पण आत माणूस तीन-तीन तास निजलेला,
आणि बाहेर त्याची नजर माझ्यापुढे मळकी पडलेली;
हात गप्प बसत नाहीत.

आधी पाणी. नुसतं. गरम नको.
धूळ वाहून जाऊ दे, मग बोट लाव.
लोक करतात काय, हाऽ करून वाफ सोडतात
आणि शर्टाच्या टोकाने खसाखसा.
वाळूने घासल्यासारखंच ते.
मग साबणाचा एक थेंब, बोटाच्या पेराने, हलक्या हाताने.
नाकाच्या गाद्यांखाली हिरवं कीट साठतं,
तिथे लहान मुलाचा ब्रश.
टिपायला जुन्या सुती लुगड्याचा तुकडा. गॉज नाही, त्याचे दोरे सुटतात.
आणि स्पिरिट कध्धीच नाही.
एकदा लावलं होतं. वरचा थर जाळ्यासारखा तडकला,
नवी काच माझ्या पगारातून गेली.

काचेवरून माणूस कळतो.
बिजागरीत कणीक, म्हणजे खानावळवाली.
काड्यांना कलप.
ससून डॉकच्या तांडेलाचा तीनदा धुतला,
तरी ट्रेला दोन दिवस बोंबलाचा वास.
काही काचांच्या आतल्या बाजूला मिठाचे ठिपके असतात.
ते समुद्राचे नसतात.
तेवढे मी कुणाला सांगत नाही.

न्यायला कुणी आलं नाही असे चार चष्मे
स्टोअरच्या कपाटात आहेत.
शनिवारी तेही धुते.
माझा स्वतःचा? पदरानेच पुसते.
ट्यूबलाइटला केस फुटलेले दिसतात.

परवा नागपाड्याचे मुकादम चाचा शुद्धीवर आले.
शिंपी. बिजागरीत दोऱ्याचा निळा गुंता होता,
सुईने काढावा लागला.
चष्मा लावला, पंखा बघितला, छताचे पोपडे बघितले,
उशाशी उभ्या मुलाकडे बघत राहिले.
"तुझे केस कधी पांढरे झाले, यासीन?"
मग माझ्याकडे वळून,
"मावशी, हा माझा नाही."
"पट्टीवर तुमचंच नाव आहे, चाचा."
"माझ्यातून एवढं दिसत नव्हतं."

काढून नखाने डावी काडी चाचपली.
कात्रीचा जुना ओरखडा होता तिथे. सापडला.
बराच वेळ नख तिथेच.
मग सवयीने काचा तोंडाजवळ नेल्या,
हाऽ करायला.

मी मनगट धरलं.