झाकली मूठ

जानेवारी. बेकेशचाबा. पहाटेचे पाच.
अंगणातल्या नळाला जुनं ब्लँकेट गुंडाळलं होतं, तरी गोठलाच.
डुक्कर काल कापून झालं.
रात्रभर थंडीत टांगलेलं मांस आता घट्ट,
सुरीचं ऐकणारं.

युस्तिनाकाकू आतडी धुतेय,
कोमट पाणी, मीठ, व्हिनेगर, पुन्हा पाणी,
मग तोंडाला लावून फुंकते,
कुठून हवा सुटते का बघते,
आणि दोन फुंकरींच्या मधे
समोरच्या घरातल्या घटस्फोटाची बातमी.
आतडं असो की बातमी,
काकूंच्या हातून गेलेल्यात सहसा भोक सापडत नाही.

खांद्याचं सात किलो, पोटाची चरबी तीन.
खिम्याच्या यंत्राचा दांडा मी फिरवते.
ठेचलेला लसूण, कुटलेलं शहाजिरं, मीठ,
इथवर सगळं वहीत आहे.
मग बाबांच्या तिरक्या अक्षरात एक ओळ:
पाप्रिका सात मुठी. गोड चार, तिखट तीन.
कुणाची मूठ, ते लिहिलेलं नाही.
तेव्हा ते विचारणार कोण होतं?

आम्ब्रुश लिंझहून आलाय,
येताना काचेचा डिजिटल काटा घेऊन.
"किलोला वीस ग्रॅम. सगळं जग असंच करतं."
"मग सॉसेजही जगाकडूनच आण."
शेवटी त्याच्याच मापाने थोडं कालवलं,
चपटी टिकिया करून तव्यावर टाकली, चाखली.
चांगली होती.
कुणाचीही असू शकली असती.

बाबा शेगडीजवळच्या खुर्चीत.
सप्टेंबरपासून उजवा हात मांडीवर, मिटलेला,
आत काहीतरी धरून बसल्यासारखा.
झाकली मूठ सव्वा लाखाची, खरंय,
पण आज मला ती उघडी हवी होती.

फरशीवर बसले. आधी करंगळी,
मग एकेक बोट, चिकटलेलं पाकीट सोडवावं तसं.
तळव्यावर पाप्रिका ओतली,
बोटं परत मिटवली.
मावली ती मावली, सांडली ती कागदावर.
आम्ब्रुश काट्यावर आकडे वाचत गेला:
एकोणतीस. चोवीस. बत्तीस.
एकही मूठ दुसरीसारखी नाही.
पाचव्या मुठीला त्याने काटा बंद केला
आणि बाबांचं मनगट धरून बसला.

सात झाल्या. मी पिशवीचं तोंड वळलं.
"नेम," बाबा म्हणाले.
म्हणजे नाही. आता तेवढा एकच शब्द
त्यांच्याकडे शिल्लक आहे.
"सातच लिहिल्यात, बाबा."
"नेम."
गोड पाप्रिकाची पिशवी पुढे केली. "नेम."
तिखटाची पुढे केली.
ते गप्प बसले.

चाळीस वर्षं ही आठवी मूठ
त्यांनी वहीलाही कळू दिली नव्हती.

दोघांनी कोपरापर्यंत हात घालून मळलं.
लाकडी परातीत आधी डाग, मग पट्टे,
मग सगळंच लालभडक.
दुसरी टिकिया. आधी काहीच नाही.
मग लसूण. मग उगीच शहाणपणा करणारं शहाजिरं.
आणि तिखट सगळ्यांत शेवटी,
पाहुणे निघाल्यावर दारात गप्पा रंगाव्यात तसं.
युस्तिनाकाकू डोळे पुसत म्हणाली, "हां. हेच."
आणि पहिल्यांदाच तिला पुढे काही सुचलं नाही.

कसं खायचं म्हणाल,
तर आज भरलेलं आजच, भट्टीत,
उकडलेले बटाटे आणि आंबवलेली कोबी.
बीचच्या लाकडाचा गार धूर आठवडाभर खाऊन आलं
की अंड्यांत. तेल घालू नका,
त्याचं केशरी तूप तेच सोडतं.
राजम्याच्या सूपमध्ये शेवटचा वीतभर तुकडा.
आणि एप्रिलनंतर, माळ्यावर वाळून टणक झालं की
नुसतं. लाकडी फळीवर, बोटाएवढे जाड काप,
पाव, काकडीचं लोणचं. पातळ चकत्या दुकानदाराने कराव्यात.

बाबांना गिळायला त्रास होतो.
त्यांच्यासाठी बारीक चुरून, बटाट्यात कालवून,
दुधाने सैल करून, चमच्याने.
पहिला घास तोंडात बराच वेळ फिरला.
खाली उतरला.
"नेम," ते म्हणाले.

मीठ कमी असेल.
किंवा घास छोटा झाला असेल.
दोन्ही वाढवून बघतेय.