तीन नंबरची फणी

पुतूचे हात केस कापायचे सोडून
नुसतेच कापू लागले
तेव्हा त्यानं सलूनला कुलूप घातलं,
आणि मी मडगावहून मशीन आणलं, आठशे चाळीसला.
वायरचंच घे, बॅटरी मरते, म्हणाला दुकानदार.
सोबत चार फण्या, एक इवलासा ब्रश,
तेलाची कुपी, जिचं टोपण पहिल्याच दिवशी
न्हाणीच्या मोरीत गेलं.

कागदावर लिहिलं होतं : केसांच्या उलट दिशेनं फिरवा.
पण माझ्या डोक्यावर दोन भोवरे.
सुलट कुठलं ते केसांनाच ठाऊक नाही.
आई म्हणायची, दोन भोवरे म्हणजे दोन बायका.
एकीशी निभावतानाच पन्नाशी उलटली;
दुसरी बहुधा कुडचड्याच्या स्टँडवर
चुकीच्या बसमध्ये चढली.

मागच्या दारी धुण्याच्या दगडावर बसलो.
खाली परवाचा पेपर, खिळ्याला आरसा,
खांद्यावर विरलेला पंचा.
चवथ दोन दिवसांवर.
बटण दाबलं तर मशीन घुमलं,
भरलेला टिपर दुसऱ्या गिअरात चढण घेतो तसं,
आणि कानावरून पहिला पट्टा उतरला.

मांडीवर पडलं ते बघत राहिलो.
पांढरं. नुसतं पांढरं.

पुतूच्या खुर्चीत माझे केस तांबडे पडायचे.
तेव्हा टिपर रात्रंदिवस धावत,
धूळ डोक्यात, भुवयांत, पेजेच्या वाटीत.
पुतू आधी माझं डोकं झटकायचा, मग कात्री उचलायचा,
विचारायचा, "तुजे केंस कापूं काय मायन खणूं?"
आम्ही हसायचो. दातांवरही तीच.

टिपर आहे अजून, फणसाखाली.
टायर बसलेत. केबिनमध्ये कोंबडी अंडी घालते,
क्लीनरच्या सीटवर, रोज, न चुकता.
कमाई चालू आहे म्हणायची.

उजवी बाजू झाली. डावी अर्धी झाली.
आणि वीज गेली.

वाट बघितली. सुलभा आत करंज्यांचं सारण ढवळत होती,
तिला हाक मारली असती तर ती आधी हसली असती,
मग शेजारणीला बोलावलं असतं.
तेवढ्यात पदेराचा भोंपू.
पंचा डोक्यावर ओढून फाटकाशी गेलो.
रुझारनं चार उंडे मोजले, पाचवा हातातच राहिला.
"पात्रांव," म्हणाला, "फाटल्यान रान उरलां मरे."

सायकल कुंपणाला टेकवून तो आत आला.
तेरा वर्षं बोटीवर होता.
तिथं आम्हीच एकमेकांचे कापायचो, म्हणाला,
लाटेवर कापायला शिकलो, दगडावरच्याचं काय.
सुलभाची शिवणाची कात्री घेतली,
कोंड्याचा वास असलेला हात माझ्या टाळूवर ठेवला
आणि डोकं खाली वाकवलं.

मी वाकलो.
आरशात आता फक्त पपईचं झाड.

कात्री चालली, थांबली.
इथं एक वण आहे, म्हणाला, जुना,
करंगळीच्या नखाएवढा. केस येत नाहीत त्यावर.
कसला?
ठाऊक नाही.
खरंच ठाऊक नव्हतं. पडलो कधी, कुणी मारलं,
की जन्मतानाच काही लागलं.
बोटानं शोधला, रुझारनं बोट धरून जागेवर नेलं.
गुळगुळीत.

पुतूला ठाऊक असणार.
एकतीस वर्षं दर महिन्याला
तो त्याला वळसा घालून,
वरचे केस जरा लांब ठेवून,
माझ्याशी पंचायतीबद्दल बोलत असणार.

वीज आली.
पेपरवर पडलेलं मशीन एकटंच घुमायला लागलं,
केसांतून सरपटत, गोल गोल,
आणि कोंबडी मान वाकडी करून त्याच्याकडे बघत उभी.
बटण बंद करायचं मला सुचेना.

"पाव थंड जाता," रुझार म्हणाला,
आणि उरलेलं, तीन नंबर न लावता,
अंदाजानंच कापलं.