खिडकी कुठल्या बाजूला

भाव नंतर. आधी पदाजीकाका विचारतात,
“खिरकी कंच्या बाजूला हाय?”
डोक्यावर हाय टेन्शनच्या तारा गुणगुणत असतात,
पायाशी काळ्या पिशव्यांतली ओली रोपं,
आणि मला माझ्याच घराची दिशा माहीत नसते.
मी म्हणते, समोर एक टॉवर आहे.
“टावर ही काय दिशा नाय.”

तरी एक मोगरा दिला, एक स्नेक प्लांट,
मनीप्लांटची कांडी फुकटच, ओल्या कागदात गुंडाळून.
सीवूड्स, सेक्टर अठ्ठेचाळीस. बिल्डिंगचं नाव सांगितलं
तर नुसती मान हलवली.

हे ज्येष्ठात. मग आषाढ लागला
आणि मी रोज सकाळी तांब्या घेऊन ग्रिलशी,
धो धो पावसात झाडांना पाणी घालणारी बाई.
स्नेक प्लांट बुडाशी मऊ झालं, पिकल्या केळ्यासारखं.
पान घेऊन गेले. काकांनी नुसता वास घेतला.
“पानी नको दिऊ. डोले दे.”
बशा काढून टाक. मातीत बोट घाल, दोन पेरं.
कोरडं लागलं तर बघू.

वाशीच्या लॅबमध्ये मी दात घडवते, सिरॅमिकचे.
या बोटांना मिलिमीटरचा दहावा भाग कळतो.
ओल कळत नव्हती.

भाद्रपदात मोगऱ्याच्या बेचक्यांत पांढरं पीठ.
कामावरचा सगळ्यात बारीक ब्रश घरी आणला,
स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पिठ्या ढेकूण टिपला,
रात्री अकरा ते दीड.
एवढ्या निगुतीनं दाढ कोरली नव्हती आजवर.

आश्विनात ऊन उलटलं.
शेजारच्यांच्या एसीचा डबा
मनीप्लांटच्या कानात गरम फुंकर घालू लागला.
त्याला आत आणला, फ्रिजवर, पाण्याच्या बाटलीत.
तो कशालाही राजी.

पौष कठीण.
मोगऱ्याचं पाणी तोड, काका म्हणाले.
पानं ओरबाड. काड्या छाट, वीतभर ठेव.
मग पंधरा दिवस हातावर हात.
मी खिडकीकडे पाठ करून जेवत होते.
आईनं फोनवर विचारलं, काय म्हणतात झाडं?
एकाचा उपास आहे, म्हटलं.

माघात शेणखत, मूठभरच. मग पाणी, कुंडीच्या भोकातून
निथळेपर्यंत.
आठवड्याभरात पेरापेरावर हिरवा ठिपका.

फाल्गुनात कळ्या. मोजल्या, अकरा.
आणि पानांच्या कडा मात्र जळक्या, तपकिरी,
कागद उदबत्तीला लागावा तशा.
पुन्हा तारांखाली. जाताच मी कबुलीजबाब सुरू केला:
पाणी बोट घालूनच, खत सांगितलं तेवढंच, ऊन तर—
“तुजी चूक नाय. खारा वारा हाय तो.
पश्चिमेची खिरकी ना तुजी.”

तुम्हाला कसं माहीत?

काका कोकोपीटची वीट टबात फोडत होते.
“तुजी बिल्डिंग हाय ना, तिथं आमची दोन खाचरं.
बांधावर बसलं का सूर्य समोर बुडायचा. खाडीत.”

मग पहिल्या दिवशी विचारलंत कशाला?

“तुला ठाव हाय का, ते बघत होतो.”

आणि ही कुंड्यांतली माती?
“इकत. आठवड्याला टेम्पो येतो.”
एवढंच. मागे एक जोडपं उभं होतं,
गुलाब दीडशेचा की सव्वाशेचा, यावर घासाघीस सुरू झाली.

संध्याकाळी खिडकी उघडली.
समोरच्या टॉवरला लागून बोटभर फट आहे,
वर्षभर मी ती भिंतच धरून चालले होते.
तिच्यातून वारा येतो.
खाडीला कुणी सांगितलेलं नाही अजून
की भात केव्हाच निघालं.
ती येते, बांध चाचपते, सापडत नाही,
मोगऱ्याला चाटून परत जाते.

साध्या पाण्यानं पानं धुवायची, आठवड्यातून दोनदा,
खालच्या बाजूनंसुद्धा.
मी बुधवार आणि रविवार धरलाय.