यांचे बाळ

सारंगखेड्याच्या यात्रेला बत्तीस पोरं न्यायची
म्हणजे बत्तीस जीव मुठीत धरायचे,
आणि माझ्याकडे मुठी दोनच.
म्हणून दोंडाईच्याला बागुल कंपाउंडरकडे गेले.
त्याने खोक्यातून काढून दिल्या
नवजात बाळांच्या मनगटाला लावतात त्या पट्ट्या,
एकदा कट्कन बसल्या की कात्रीशिवाय न निघणाऱ्या.
"मुदत संपलीय यांची, बाई," म्हणाला.
पट्टीला कसली मुदत, मी विचारलं नाही.

चौथीच्या मनगटांना त्या पुरेनात.
दोन-दोन जोडल्या.
देवरे सरांनी दात लावून पाहिले, सुटेनात.

पट्टीवर आधीच छापलेलं:
एक रिकामी रेघ, तिच्यापुढे "यांचे बाळ",
खाली वेळ, त्याखाली वजन.
रेघेवर आयांची नावं लिहीत गेले.
इंदूबाई यांचे बाळ. जिजाबाई यांचे बाळ.
वजनाच्या रकान्यात मोबाईल नंबर.
निंबाने अक्षर लावून लावून वाचलं आणि रुसला,
"मी बाळ नही शे, बाई. मी एकला म्हशी चारस."

रुमलीच्या आईचा नंबर लागेना.
दिवाळीनंतर ती ऊस तोडायला बारडोलीकडे गेलेली,
तिथे टोळीत एकच फोन, तोही मुकादमाच्या खिशात.
रुमली राहते मावशीकडे. मावशीकडे रेडिओ आहे.
तिच्या वजनाच्या जागी मी माझा नंबर लिहिला.
आईचं नाव विचारलं तर म्हणाली, "आई."
तेच लिहिलं. मागे एसटीत गलका वाढला होता.

मग तापीचा पूल, आणि पुलापलीकडे घोडेच घोडे.
पांढरेशुभ्र नुकरे, ज्यांची शेपटी
आमच्या शाळेच्या झेंड्यापेक्षा स्वच्छ.
दर पंधरा मिनिटांनी मोजायचं:
बत्तीस. एकतीस. तेहेतीस,
(एक कोणाचं तरी भलतंच, शेव खात उभं)
बत्तीस. बत्तीस. एकतीस.
एकतीस.

एका व्यापाऱ्याने पट्टी वाचली
आणि फोन गेला निंबाच्या आईला, कापसाच्या रानात,
"तुमचं बाळ माझ्या घोडीपुढच्या चाऱ्यात झोपलंय."
तिथून चुलत्याला, चुलत्याकडून देवरे सरांना,
सरांकडून मला.
निरोप साठ किलोमीटर हिंडून आला.
निंबा शंभर पावलांवर होता,
केसांत कडबा, मुठीत रेवड्या,
आणि घोडी त्याच्या कानाचा वास घेत होती.
मी त्याला मारणार होते.
मारलं नाही. मोजला.

दुसऱ्या दिवशी वर्गात कात्री घेऊन बसले.
एकतीस पट्ट्या कापल्या, खोक्यात टाकल्या.
रुमली आली नव्हती.
मावशी म्हणाली, पहाटे ट्रक आला होता,
आईने बोलावून घेतलं, धाकट्याला सांभाळायला कोणी नाही.
हजेरीपटावर मी तिच्यापुढे काय लिहावं
ते केंद्रप्रमुखांनी नंतर सांगितलं.

फेब्रुवारीत, तव्यावर कळण्याची भाकर असताना
अनोळखी नंबर.
मागे ट्रॅक्टरचा आवाज, कुणीतरी पोरावर ओरडतंय.
"बाई, फोन लागस का, ते देखं."
एवढंच.
मी म्हटलं, "रुमली? पट्टी अजून हातातच शे?"
"शे. एक आकडा पुसायना.
मी तो पाठ करेल व्हता."
"कोठे शे तू?"
ती थोडा वेळ गप्प. बहुधा आजूबाजूला पाहिलं असेल.
मग म्हणाली, "आठे,"
आणि मुकादमाने फोन घेतला असावा.

भाकर करपली ती तशीच खाल्ली.
नंबर जपून ठेवलाय, रुमली नावाने.
लावला की मुकादम उचलतो,
कोण पाहिजे विचारतो,
आणि मला दर वेळी
आधी तिच्या आईचं नाव सांगावं लागतं,
जे मी लिहून घेतलेलं नाही.